दोघांच्या मापाची रजई

शेवंतेच्या बापाले,

उकंडरावाच्या तोंडी तुमचा निरोप भेटला. अनसिंगच्या बाजारातून लाल कापड आणलं, आंगणात पिंजारी बसवला. तो रुई पिंजून राह्यला होता अन् मी उन्हात बसून भाजलेल्या शेंगा खात होती. पण रजई दोघांच्या मापाची भरजो, असं काहून सांगतलं? मांगच्या हिवाळ्यात अकोल्याच्या कापसाच्या जिनात तुमी एकल्याच्या रजईवर निभावलं ना!

उकंडरावाले इचारलं, "तिथं खोलीवर कोण हाय?"

"वहिनी, मले कायले इचारता?" म्हणे, अन् बशीतला चहा तसाच ठेवून पळाला.

रजई मोठीच भरली. हे पत्र टाकत नाही, तुमी सावध व्हाल. सोमवारच्या मोटारीनं रजई घेऊन मीच येऊन राह्यली. तिच्यातली दुसरी जागा माही हाय.

शेवंतेची माय