उद्याची भरती, सकाळी सहा चाळीस

६ जानेवारी, सोमवार
आज सकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी स्टुडिओत माईकसमोर अगरबत्ती लावली आणि पाच वाजून बारा मिनिटांनी विझवली. मधल्या दोन मिनिटांत भिंतीवरची नवी सूचना वाचली. धूर चालणार नाही. छताला नवे यंत्र बसवले आहे, ते बोंबलते.

आपले रेडिओ स्टेशन विकले गेले. घेणाऱ्या कंपनीची कोकण किनाऱ्यावर, पर्यटकांच्या गावांत, पाच स्टेशने आहेत. सहावे हे अकोल्याचे. दिवसभराचा कार्यक्रम आता तिकडून तयार होऊन येणार. फक्त सकाळी सहा ते सात 'लोकल' राहणार, म्हणजे मी. तेही अठ्ठावीस फेब्रुवारीपर्यंत. ऐकणारे किती ते पाहून पुढचे ठरेल, असे नव्या स्टेशन हेड नाजिया मॅडम म्हणाल्या. मुलगी गुणी आहे, अकोल्याचीच. मी म्हटले, सोळा वर्षे हे शहर माझ्या आवाजाने उठते, तुम्हीही शाळेत असताना उठला असाल. म्हणाली, काका, हमारे घर में तो सुबे मिक्सर चलता था.

निश्चय: शांत राहायचे. लोकच बोलतील.

९ जानेवारी, गुरुवार. उपवास.
'पहाटवंदना' हे नाव गेले. आता 'हॉलिडे मॉर्निंग'. कंपनीचे म्हणणे असे की किनारा हे पर्यटनस्थळ, मेळघाट हेही पर्यटनस्थळ, तेव्हा फॉरमॅट एकच. सेमाडोहच्या वाटेवरच्या एका रिसॉर्टची जाहिरातही आली आहे. मी नम्रपणे म्हणालो की मेळघाटात वाघ आहे, बीच नाही. मॅडम म्हणाल्या, मुझे मालूम है काका, लेकिन ऊपर कौन बोलेगा.

अभंग दोनच. बोलणे तीस सेकंद. दोन गाण्यांच्या मध्ये लाटेचा आवाज. तीस सेकंदांत माझा नमस्कारसुद्धा पुरा होत नाही. पण जमवीन. शाळेत परिपाठ मीच म्हणायचो, आणि तो कधी लांबला नाही. एकदा लांबला. गुरुजी झोपले होते.

१० जानेवारी, शुक्रवार
पहिली लाट गेली. आमचे टेक्निशियन वाहेदभाई काचेपलीकडून विचारत होते, भाऊ, लहर छोडू क्या? मी मान डोलावली. ऐकायला बरी वाटली. ईश्वराचेच रूप आहे.

घरी आलो तर आमची सौ. सत्यभामा दारात. म्हणाली, नळ आले म्हून म्या बादली घेऊन धावली, मांगून शेजारच्या सुभद्राबाई दोन घागरी घेऊन धावल्या, न् पाहतो तं तुमचा रेडिओ. आज पाचवा दिवस, पान्याचा पत्ता नाई, न् तुमी समुद्र वाजवून राहिले!

यातून एक सिद्ध झाले. एका गल्लीत दोन श्रोते. अकोल्यात गल्ल्या किती?

१७ जानेवारी, शुक्रवार
कंपनीचा सर्व्हे आला. चारशे लोकांना फोन करून विचारले. सहा ते सात ऐकणारे: दोन.

सर्व्हेची पद्धतच चुकीची आहे. माझे श्रोते त्या वेळी आंघोळीला नाहीतर पूजेला असतात. ते फोन कसा उचलतील? जे उचलतात ते ऐकत नसणारच. वाहेदभाईंना हे समजावले. ते म्हणाले, भाऊ, फोन शाम को किया था उन्होंने.

निश्चय: उद्यापासून आवाज थोडा वर लावायचा.

१८ जानेवारी, शनिवार
घसा बसला. काढा घेतला.

२२ जानेवारी, बुधवार
आजचा दिवस नोंदवून ठेवण्यासारखा आहे.

रोज पहाटे कंपनीकडून एक छापील मजकूर येतो. आधी मॅडम तो तपासतात आणि आपल्याकडचे नसेल ते काढून टाकतात. आज त्या अमरावतीला, बहिणीच्या मंगनीला. मजकूर थेट माझ्या हाती. पहिले पान निघाले आणि प्रिंटर थांबला. शेवटची ओळ अशी: उद्याची भरती, सकाळी ६.४०, २.९ मी.

इतके दिवस लाटा आणि नारळपाणी वाचले. आज पहिल्यांदा कंपनीने आपल्या भागातल्या पोरांच्या कामाचे काही पाठवले. भरती! घराघरात कोणीतरी पहाटे पळते आहे. पोलीस, फौज, वनरक्षक, जे निघेल ते. लांब उडी फक्त दोन पूर्णांक नऊ मीटर, म्हणजे सरकारही उदार झाले आहे. ठिकाण छापलेले नव्हते. अकोल्यात भरती म्हटले की मोठे मैदान, ते मी स्वतः जोडले. कागदपत्रांच्या दोन-दोन प्रती आणा, हेही जोडले. भरल्या पोटी धावू नका म्हणालो. लेकरांसाठी एक जास्तीचा अभंग लावला. तीस सेकंदांची चार मिनिटे झाली. लाट वाजवू दिली नाही.

रेडिओ म्हणजे हेच.

२३ जानेवारी, गुरुवार. उपवास. दुपारी लिहितो आहे.
कार्यक्रम संपवून, इस्त्रीचा शर्ट घालून, सव्वासातला मैदानावर गेलो. मनात होते, लांबून पाहून परत यावे.

पोरे होती! चौसष्ट. पोरीही. कोणी पातूरची, कोणी तेल्हाऱ्याची, काही आदल्या दिवशीच नातेवाइकांकडे येऊन राहिलेली. अधिकारी मात्र एकही नव्हता. भगवंतराव म्हणून एक रिटायर फौजी सकाळी फिरायला आले होते, त्यांनीच शिट्टी हातात घेऊन सगळ्यांना पळवायला सुरुवात केली होती. दोरीने दोन पूर्णांक नऊ मीटर मोजून ठेवले होते. त्यावरून एकाने उडी मारली आणि म्हणाला, येवढं तं माही आजी बी मारते.

नाजिया मॅडमना फोन केला. विचारले, भरतीचे साहेब कुठे अडकले? त्यांनी ती ओळ पुन्हा म्हणून दाखवायला लावली. मग म्हणाल्या, काका, वो समंदर की भरती है. भरती-ओहोटी वाली. पानी चढता है, दो पॉइंट नौ मीटर.

भरती-ओहोटी शाळेत होती आम्हाला. पण आमच्या गुरुजींनी समुद्र पाहिलेला नव्हता. तो धडा त्यांनी घरी वाचायला सांगितला होता.

खुलासा करण्यासाठी पुढे झालो. माझा शर्ट पाहून पोरांनी लाईन लावली. पहिली होती आकांक्षा, तेल्हाऱ्याची, वय एकवीस, चिखलाचे बूट, चेहरा घामाने निथळलेला. तिने झेरॉक्सचा संच माझ्या हातात दिला. म्हणाली, साहेब, लिस्ट कवा लागन?

मी म्हणालो, लागेल.

मग मागच्याने दिला. मग त्याच्या मागच्याने.

चौसष्ट संच कपाटात, देवघराखालच्या खणात ठेवले आहेत. ही फसवणूक नाही. मी फक्त सांभाळून ठेवले आहेत. खुलासा उद्या.

२४ जानेवारी, शुक्रवार
उपवासाने डोके दुखते आहे. खुलासा सोमवारी.

२७ जानेवारी, सोमवार
आज एक विचार आला आणि मी जागच्या जागी उभा राहिलो. सर्व्हे म्हणतो दोन श्रोते. माझ्या कपाटात चौसष्ट आहेत, फोटो आणि आधार कार्डासहित! पंचवीस फेब्रुवारीला कंपनीचे साहेब येणार आहेत. चौसष्टांची फाईल समोर ठेवली की सहा ते सात माझेच. तेव्हा खुलासा आताच करणे घाईचे होईल. पुरावा आधी नीट लावावा.

फाईल आणली. निळी.

३ फेब्रुवारी, सोमवार
नाजिया मॅडमना कल्पना सांगितली. त्यांनी कपाळाला हात लावला. मग म्हणाल्या, ठीक है, पर काका, एकेक को फोन करके पूछो, रेडिओ पे सुना था क्या. साहब वही पूछेंगे.

साधे काम आहे. रोज दहा फोन. आठवड्यात संपेल.

६ फेब्रुवारी, गुरुवार. उपवास.
चार दिवसांत एकेचाळीस फोन झाले. कोणीही रेडिओवर ऐकलेले नाही. सगळ्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आला होता. एकाने तर विचारले, काका, रेडिओ म्हंजे कोनतं अ‍ॅप?

हे आकडे प्राथमिक आहेत.

आणखी एक. एकेचाळीसपैकी बहुतेकांना केव्हाच कळले होते. एक म्हणाला, भरती समुद्राची व्हती न काका? दुसऱ्या दिवशीच हासून हासून मेलो आमी. पण पळनं झालं भगवंतराव मेजरच्या हातानं, आता आमी रोजच जाऊन राहिलो त्याइच्याकडं. मी म्हणालो, मग कागद परत न्यायला का आला नाहीत? म्हणाला, झेरॉक्स त हाय.

म्हणजे चौदा दिवस मी जे गुपित जपत होतो ते पोरांना माहीत होते.

८ फेब्रुवारी, शनिवार
मेसेज कोणी सुरू केला ते शोधले. प्रत्येकाला, तुला कोणी पाठवला, असे विचारत मागे मागे गेलो. शेवटी तेल्हाऱ्यातल्या एका बाईंचे नाव निघाले. सत्यभामाची सख्खी बहीण.

सत्यभामा पोळ्या लाटत होती. मान वर न करता म्हणाली, हो, म्याच पाठवला. सोळा वर्सांत पह्यल्यांदा तुमी कामाचं बोलले, मनलं सांगाव चार लोकाईले.

म्हणजे रेडिओवर ऐकणारी ती एक. शेजारच्या सुभद्राबाईंना भिंतीतून ऐकू येते, त्यांना धरले तर दोन. सर्व्हे बरोबर होता.

पोळी गरम होती. दोन जास्त खाल्ल्या.

१२ फेब्रुवारी, बुधवार
उरलेले फोन संपवले. आकांक्षाचा मुद्दाम शेवटी ठेवला होता. बाकीच्यांनी हसण्यावारी नेले, पण लिस्ट कधी लागेल हे तोंडावर विचारणारी ती होती आणि लागेल म्हणणारा मी. आज पाठ करून ठेवलेली माफी बोलायला लागलो. दोन वाक्ये झाली असतील, तिने मधेच तोडले.

म्हणाली, मले माईत हाय काका. त्याच दिवशी बसमंधीच मोबाईलवर पाह्यलं. पन घरी कोनाले माईत नाई, तुमी बी बोलू नोका. पाव्हने येऊन राहिले व्हते मले पाहाले. बाबानं त्याइले सांगतलं, पोरीची लिस्ट लागू द्या, मंग बोलू. तवापासून घरात कोनी लग्नाचं नाव काढत नाई. मायले म्हनते, पोरगी पोलीस व्हते. खरी भरती दोन-तीन महिन्यात निघन म्हनतात. तवरी तेवढी लिस्ट लागू देऊ नोका.

मी विचारले, आणि बाबांनी मला विचारले तर?

म्हणाली, तुमीच त लागन म्हनले व्हते. तसंच म्हना.

देवघरातल्या महाराजांच्या फोटोसमोर बराच वेळ बसलो. खोटे बोलू नये, हे मला लहानपणापासून माहीत आहे. पण हे खोटे आता माझे राहिले नव्हते. ते तिच्या उपयोगी पडत होते. यावर कोणाला विचारावे, कळेना. महाराजांनी काही सांगितले नाही. घंटी वाजवून उठलो.

२५ फेब्रुवारी, मंगळवार
साहेब आले. गॉगल डोक्यावर. अकोल्यात इतके ऊन असते हे त्यांना माहीत नव्हते.

निळी फाईल बॅगेत होती. रात्रभर ठरवले होते की ती टेबलावर ठेवायची. मेसेजचा उल्लेख टाळायचा. साहेबांनी विचारले, लोकल स्लॉटला रिस्पॉन्स काही? मॅडम माझ्याकडे पाहत होत्या. वाहेदभाईही काचेतून.

फाईल उघडली की सगळ्यात वर आकांक्षाचा फोटो, पत्ता आणि बाबांचा नंबर. साहेब माणूस हौशी. लगेच फोन लावतील. स्पीकरवर.

मी म्हणालो, रिस्पॉन्स म्हणावा तसा नाही.

बाहेर आल्यावर मॅडम म्हणाल्या, फाईल क्यूं नहीं निकाली काका? सांगितले, बॅगेची चेन अडकली. वाहेदभाईंनी बॅग घेतली, चेन एकदा उघडली, एकदा लावली आणि बॅग परत दिली.

एक मार्चपासून सहा ते सातही किनाऱ्यावरून येईल. मला दुपारच्या जाहिरातींसाठी आवाज द्यायला ठेवणार आहेत, कदाचित. रिसॉर्टवाल्याला भारदस्त आवाज हवा आहे म्हणे.

२६ फेब्रुवारी, बुधवार. महाशिवरात्र.
त्रेसष्ट संच पाकिटात घालून परत पाठवले. कुठे कुठे पत्ता अपुरा होता, तिथे फोन करून विचारला. एकाने विचारले, काका, यात लिस्ट हाय काय? मग स्वतःच हसला.

एक संच ठेवला आहे.

राहिला खुलासा. चूक माईकवर केली, तर माईकवरच कबूल करायला हवी. पण माईकवर बोललो आणि तेल्हाऱ्याला आकांक्षाच्या घरी कळले, तर पाहुणे पुढच्या रविवारी दारात. दिवसभर घरात येरझाऱ्या घातल्या. सत्यभामा म्हणाली, साबुदाण्याची खिचडी थंडी होऊन राहिली, तुमी काहून फिरून राहिले?

२७ फेब्रुवारी, गुरुवार. उपवास.
उपाय सापडला. इतका सोपा आहे की सोळा वर्षे समोर असून दिसला नाही. सत्यभामाला म्हणालो, उद्या सकाळी रेडिओ लावू नको. ती म्हणाली, शेवटचा दिवस हाय न तुमचा. मी म्हणालो, म्हणूनच. तिने जरा पाहिले. मग म्हणाली, बरं.

सुभद्राबाईंचा प्रश्न त्यानेच सुटला.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार
सहा सत्तावन्नला दुसरा अभंग संपला. माईक सुरू केला. म्हणालो, तेवीस जानेवारीची भरती समुद्राची होती, मी ती नोकरीची सांगितली, ठिकाणही माझ्या मनाने जोडले, चूक माझी एकट्याची आहे, ज्या लेकरांनी त्या सकाळी धाव घेतली त्यांची मी हात जोडून माफी मागतो. हात खरोखर जोडले. मग माईक बंद केला.

नाजिया मॅडमना फोन केला. आज तपासायला मजकूर नव्हता, त्या झोपेत होत्या. वाहेदभाई खाली चहा आणायला गेले होते. घरी आलो. रेडिओवर फडके टाकलेले होते.

कोणीही ऐकले नाही. खात्री करून घेतली.