काढलेल्या पॅकेजांची नोंद

अण्णा,

उद्या सकाळी अकरा वाजता ग्रंथालयाची समिती बसणार आहे, आणि एका माणसाचं काम काढून घ्यायचा ठराव तिथे मांडला जाणार आहे. त्या माणसानं काहीही चुकीचं केलेलं नाही. ठराव आला तो मी काल बोललेल्या एका वाक्यामुळे, आणि ते वाक्य खरं नव्हतं. उद्या मला सगळ्यांसमोर एवढंच म्हणायचं आहे की कॉम्प्युटर त्यानं नाही, मी बिघडवला. सांगायला अर्धं मिनिटही लागणार नाही. पण कालपासून ते वाक्य मी मनातल्या मनात म्हणून बघते आहे. साठी उलटली माझी, दोन नातवंडं आहेत, अभ्यासिकेत कुणी कुजबुजलं तरी दरडावणारी बाई म्हणून लातुरात मला ओळखतात, आणि अवस्था मात्र परीक्षेच्या हॉलबाहेर उभ्या असलेल्या मुलीसारखी. तुम्हाला जाऊन वीस वर्षं होऊन गेली. तरी हे दुसऱ्या कुणाला सांगावंसं वाटेना.

तुम्ही कॉम्प्युटर पाहिलात तो नांदेडला, पेन्शनच्या खिडकीतून, पलीकडच्या टेबलावर झाकण घालून ठेवलेला. म्हणून नीट सांगते. मी ग्रंथपाल आहे त्या ग्रंथालयातल्या सगळ्या पुस्तकांची यादी एका जुन्या कॉम्प्युटरवर आहे. कुठलं पुस्तक कोणत्या कपाटात आहे आणि कुणाकडे गेलं आहे, हे त्याच्याशिवाय कुणालाच सांगता येत नाही. अभ्यासिकेतल्या मुली, कुणी जळकोटहून आलेली, कुणी देवणीहून, दार उघडताच त्याच्यापुढे रांग लावतात. दिवाळीनंतर तो इतका मंदावला की एक नाव शोधेपर्यंत रांगेतल्या शेवटच्या मुलीचं अर्धं पाठांतर व्हायचं. आमचं मशीनचं काम पाहणारा दुरुस्तीवाला गंजगोलाईजवळ दुकान चालवतो. त्याचे वडील रेडिओ दुरुस्त करायचे, हा कॉम्प्युटर करतो. तो म्हणाला, "मॅडम, मशीन म्हातारं न्हाई झालं. त्याच्या अंगावर वझं लई हाय. समदं उतरवू आन् नुसतं लिनक्स टाकू, लागंल तेवढंच." लिनक्स म्हणजे मशीन चालवणारी, फुकट मिळणारी व्यवस्था. त्यानं यादीची नक्कल बाजूला काढून ठेवली, पेनड्राइव्ह लावला आणि की-बोर्ड माझ्यापुढे सरकवला. "तुम्हीच टाका. वापरायचं तुम्हाला हाय."

काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं येत होती आणि मी चष्मा वरखाली करत उत्तरं देत होते. भाषा कोणती, घड्याळ कुठलं, डिस्कचा किती भाग घ्यायचा. मग काय काय बसवू म्हणून एक लांब यादी आली, त्यातल्या कित्येक नावांसमोर आधीच खुणा केलेल्या. त्यानं त्या सगळ्या मला काढायला लावल्या. मशीन पुन्हा सुरू झालं तेव्हा पडद्यावर एक छोटी रेघ लुकलुकत होती, बाकी काही नाही. सामान यायच्या आधीच्या कोऱ्या घरात उभं राहिल्यासारखं वाटलं मला. मग तो शिकवत गेला. एकेका कामाचं एकेक गाठोडं, त्याला पॅकेज म्हणतात. नाव टाइप करून मागवायचं, ते इंटरनेटवरून येतं, आणि त्याला ज्या दुसऱ्या पॅकेजांचा आधार लागतो तीही आपण न सांगता बरोबर घेऊन येतं. मी वही केली. डावीकडे ओळ, उजवीकडे तिचा अर्थ मराठीत. पंधरा दिवसांत यादी चालायला लागली, आणि कशी चालली म्हणता, नाव लिहून होईतो पुस्तक समोर. मला स्वतःचा फार अभिमान वाटला, अण्णा. तिथेच घोटाळा झाला.

पडद्यावर नुसत्या ओळींऐवजी खिडक्या दिसाव्यात आणि यादी त्यांत उघडावी म्हणून आम्ही एक मोठं पॅकेज आणलं होतं. त्याच्याबरोबर पत्त्यांचा खेळ आला, गाणी ऐकायचं काहीतरी आलं. मला ते खुपायला लागलं. ग्रंथालयात पत्त्यांचा खेळ कशाला? काल सकाळी मुली यायच्या आधी मी ते मोठं पॅकेज काढून टाकायला सांगितलं. मशीननं काढलं आणि खाली कळवलं की याच्याबरोबर आपोआप आलेली पुढची पॅकेजं आता कुणाला लागत नाहीत, ती काढायची ओळ अशी अशी आहे. मी ती ओळ टाइप केली. नावांचा मोठा परिच्छेद आला आणि शेवटी प्रश्न, पुढे जाऊ का. मी हो म्हटलं. त्या नावांत खिडक्या दाखवणारंही होतं आणि इंटरनेटला जोडणारंही. मशीन बंद करून सुरू केलं तर पुन्हा ती लुकलुकणारी रेघ. परत मागवावं तर मागवायची वाटच मी काढून टाकलेली. बाहेर मुलींच्या चपला वाजायला लागल्या.

तेवढ्यात समितीचे सचिव आले. हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ, चुकीवर बोट ठेवायची सवय अजून गेलेली नाही. "काय झालं बाई?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, "दुरुस्तीवाल्यानं काहीतरी अर्धवट टाकलंय बहुतेक." हे 'बहुतेक' मी का जोडलं ते मला पक्कं माहीत आहे. "मी म्हणलोच होतो," ते म्हणाले, "ते फुकटातलं सोंग आपल्याला नको. शनिवारी ठराव घेऊ. संस्थेच्या शाळांतनंही काढू त्याला." आमचं ग्रंथालय ज्या संस्थेचं, तिच्या तीन शाळा आहेत. त्याचं निम्मं काम तिथलंच. मी मान हलवली नाही आणि नाहीही म्हणाले नाही. मुलींना काल पुस्तकं हातानं शोधून दिली, चार जणींना मिळाली नाहीत.

तुम्ही सांभाळायचात ते सरकारी दवाखान्याचं औषधभांडार तेव्हापासून डोळ्यांपुढे आहे. मे महिन्याची सुटी, मी पंधरा वर्षांची, तुमचा डबा घेऊन आलेली. कॉन्व्हेंटातलं माझं वळणदार इंग्रजी अक्षर तुम्ही येईल त्याला दाखवायचात आणि बाटल्यांच्या चिठ्ठ्या माझ्याकडून लिहून घ्यायचात. तुम्ही म्हणता, मुदत संपलेलं तेवढं बाजूला काढ, आणि डबा खाऊन खुर्चीत जरा डोळे मिटता. मी त्यापुढे जाते. दिवाळीपासून ज्याची एकही मागणीची चिठ्ठी आली नाही ते सगळं मी परतीच्या खोक्यात भरते. त्यात सर्पदंशाच्या इंजेक्शनांची पेटी असते. हमाल खोकं खिळे ठोकून व्हरांड्यात ठेवतो. तिसऱ्या दिवशी अर्धापूरकडचा एक माणूस बाजेवर घालून आणतात, केळीच्या बागेला पाणी देताना साप चावलेला. पेटी कपाटात नाही. तुम्ही कपाटं उपसताय, मी दाराच्या फळीमागे लपून उभी. हमालाला आठवलं म्हणून तो माणूस वाचला. डॉक्टरांनी विचारलं, हे कुणी हलवलं. तुम्ही म्हणालात, "मी, साहेब." मेमो तुम्हाला मिळाला.

संध्याकाळी स्वयंपाकघरात आई भाकऱ्या थापत होती. तुम्ही पाटावर बसलात आणि ताट पुढे न ओढता मला म्हणालात, "कुणी मागून राहिलं न्हाई म्हणून ते नको झालं, असं कोण सांगितलं तुला?" आवाज चढला नव्हता, म्हणूनच मी रडले. आई तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली, "कॉन्व्हेंटात हेच शिकवतेत वाटतं." त्यावर तुम्ही तिला म्हणालात, "तू गप. तिनं इचारलं होतं. मीच झोपेत हो म्हणलो." मी विचारलं नव्हतं, अण्णा. तुम्ही आईशीही खोटं बोललात. शाळेत ख्रिस्ती मुली ठरलेल्या दिवशी पडद्याआड जाऊन आपल्या चुका सांगून यायच्या आणि बाहेर आल्यावर हलक्या चालीनं मैदानाकडे पळायच्या. मला त्यांचा हेवा वाटायचा. आपल्या घरात तसा पडदा नव्हता, तुम्हीच होता. तुम्ही मला वाचवलंत याबद्दल मी आयुष्यभर तुमची ऋणी आहे, पण आज पहिल्यांदा वाटलं की त्या दिवशी मला पुढे ढकलायला हवं होतंत. चूक माझी आणि 'मी' म्हणणारा दुसरा कुणीतरी, याची सवय एकदाच लागते.

आज दुपारी तो आला. शाळेतल्या शिपायाकडून त्याच्या कानावर सगळं गेलं होतं, चेहऱ्यावरूनच कळत होतं. तरी नेहमीसारखा म्हणाला, "टेन्शन घेऊ नका मॅडम. यादी हाय तिथंच हाय, दाखवणारं तेवढं गेलंय." आपला मोबाईल वायरनं मशीनला जोडला, दोन-तीन ओळी टाइप केल्या, आणि गेलेली पॅकेजं एकेक करून परत यायला लागली. मग त्यानं मशीनच्या नोंदींची एक फाईल उघडली. मी त्याच्या खांद्याशी उभी होते. त्यात कालची तारीख होती, सकाळची वेळ होती, मी टाइप केलेली ओळ जशीच्या तशी होती, कोणत्या नावानं लॉगिन करून सांगितलं ते होतं, आणि खाली काढलेल्या पॅकेजांची सगळी नावं. त्यानं ते सावकाश वाचलं. मी पदर बोटाला गुंडाळत राहिले. झाडलोट करणाऱ्या मावशी कोपऱ्यातून म्हणाल्या, "सापडलं का, कुणी केलं ते?"

"मशीन समदं लिहून ठेवतं मावशी," तो म्हणाला. "पर इचारल्याबिगर सांगत न्हाई."

"बरंय की मग. आमच्यात तर इचारायच्या आधीच सांगणारे लई हायत."

तो हसला आणि फाईल बंद केली. माझ्याकडे पाहिलं नाही. मला वाटलं, आता बोलावं. तोंड उघडलं आणि विचारलं, चहा घेणार का. तो म्हणाला, "न्हाई मॅडम, रोजा हाय." तेही माझ्या लक्षात राहिलं नव्हतं. जाताना दारात थांबून म्हणाला, "मोठी यादी आली की घाई करू नका. वाचून घ्यायची, मग हो म्हणायचं." एवढंच. खरं सांगण्याची गळ घातली नाही, उद्याच्या ठरावाबद्दल शब्द काढला नाही. त्यानं मला दोन शब्द सुनावले असते तर मी सुटले असते.

तो गेल्यावर मी सचिवांना फोन केला. म्हटलं, उद्या ठरावाआधी मला दोन मिनिटं द्या. "कशाबद्दल?" मशीनबद्दल, म्हटलं. "तुमचीच बाजू मांडायची आहे ना?" ते म्हणाले. मी म्हणाले, "नाही सर. त्याची." ते बरं म्हणाले. फोनवरच सगळं सांगून टाकता आलं असतं, पण मी घाईनं फोन ठेवला. काय बोलायचं ते वहीत लिहून काढलंय, तीन वाक्यं, आणि दर वेळी वाचताना दुसऱ्यावर अडखळते.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी मी पाठवलं नसतं, कारण एक गोष्ट अजून तुमच्यापासूनही लपवली आहे. सचिवांना फोन करायच्या आधी, त्यानं नुकत्याच सुरू करून दिलेल्या त्याच मशीनवर, मी शोधून पाहिलं की ती नोंद पुसायची कशी. एका ओळीचं काम होतं. मी ती ओळ वहीत उतरवून घेतली, डावीकडे, आणि उजवीकडे तिचा अर्थ मराठीत लिहायला गेले तेव्हा थांबले. ती ओळ मशीनला दिली नाही, उजवी बाजू अजून कोरीच आहे.