गाणारी कुठं उभी आहे

बाबा, आज दुपारी स्पीकर पुन्हा मांडले. घर बदललं, म्हणून पुन्हा सगळं मापून. मागच्या भिंतीपासून दोन हात पुढे, दोघांत जेवढं अंतर तेवढंच माझ्या खुर्चीपर्यंत, तोंडं किंचित आत वळवलेली. मग डोळे मिटून बसले. असं बसलं की भिंती हळूहळू विरत जातात आणि दोन स्पीकरच्या मधल्या रिकाम्या हवेत एक बाई येऊन उभी राहते, गायला लागते. तबला तिच्या डावीकडे, जरा मागे. तानपुरा दूर, धुक्यात असल्यासारखा. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, तरी हे कुणाला सांगावंसं वाटलं की तुम्हीच आठवता.

गोंडपिपरीच्या आरामशीनवर तुम्ही जन्मभर सागवान कापलंत. काम सुटल्यावर चंद्रपूरला माझ्याकडे आलात, त्याच हिवाळ्यात मी नागपूरहून स्पीकर आणले होते. टेबलावर ठेवले की आवाज घुमतो, म्हणून माझी कुरकुर चाललेली. अजून डोळ्यांसमोर आहे: अंगणात कोवळं ऊन आहे, भुसा उडतोय, मला खुर्चीत बसवून तुम्ही जमिनीपासून माझ्या कानापर्यंत दोरी धरता आहात. त्या मापाचे दोन सागवानी स्टँड केलेत. मग मी तुम्हाला मधोमध बसवलं आणि विचारलं, "सांगा बाबा, गाणारी कुठं उभी आहे?" तुम्ही बराच वेळ ऐकलंत, माझ्या तोंडाकडे पाहिलंत आणि समोरच्या हवेत बोट दाखवलंत. "इथीच तर हाय. दिसून राह्यली मले." ते मी शाळेत, शिक्षकांच्या खोलीत, आठ दिवस सगळ्यांना सांगत होते.

पण शाळेतून यावं तर तुमची खुर्ची आडवी फिरवलेली, डावा खांदा स्पीकरकडे. एकदा मी चिडलेच. "जमिनीवर खडूच्या खुणा केल्यात त्या कशाला? जन्मभर आरामशीन ऐकली तुम्ही, यातलं काय कळणार?"

"असाच बसलो होतो बाई," म्हणालात आणि उठून खुर्ची सरळ केलीत. त्यानंतर कायम खुणेवरच बसलात.

तुमच्या तेरवीला आरामशीनवरचे तुमचे एक जोडीदार आले होते. स्पीकरकडे पाहत म्हणाले, "याच्यावर ऐके का तो? त्याचा उजवा कान तर कधीचाच गेला होता. पातं त्याच अंगाला फिरे ना. तुले माहीत नाई?"

मला माहीत नव्हतं. पाहुणे गेल्यावर उजव्या कानात कापूस कोंबून मी तुमच्या जागी बसले. बाई आलीच नाही. सगळं गाणं डावीकडच्या स्पीकरला चिकटून राहिलं, मधली हवा नुसती हवा. ती बाई दोन कान असतील त्यालाच भेटते. तुम्ही तीन वर्षं तिथे सरळ बसून काय ऐकलंत, कोण जाणे.

हे वहीतच राहील, ठाऊक आहे. म्हणूनच लिहून टाकते. तेरवीच्या दिवशी ते ऐकलं तेव्हा आधी वाईट वाटलं ते तुमच्या कानाचं नव्हतं. मी स्पीकर नेमके मांडलेत असं सांगणारं एकच माणूस होतं, आणि तेही मन राखायला बोललं होतं, याचं वाटलं होतं.