ली हुआ कधी दमत नाही

प्रिय लाओ थान,

पाकीट बघून दचकू नकोस. घरी सगळं ठीक आहे. तुझ्या आईची कंबर होती तशीच आहे, आणि शेतातला गहू ओंबीवर आलाय असा निरोप आहे. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण शाळेजवळच्या आमच्या या भाड्याच्या खोलीची मधली भिंत म्हणजे नुसत्या लाकडी फळ्या. मी इकडे शिंकले तरी आपल्या शियाओमानची पेन्सिल तिकडे थांबते. गल्लीत जाऊन बोलावं तर तिथे आधीच सगळ्या आया फोन कानाला लावून उभ्या, आणि प्रत्येकीचा एक कान दुसरीच्या फोनकडे. शिवाय फोनवर तू आधी 'हं' म्हणतोस, मग 'बघू' म्हणतोस, मग पुलाच्या कामावरून कुणीतरी तुझ्या नावाने ओरडतं. पत्र वाचताना तरी मधेच ठेवून देता येणार नाही तुला.

आणि पत्र कसं लिहायचं ते मी आता चांगलं शिकलेय. हसू नकोस. विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेत इंग्रजीच्या पेपरात शेवटी एक पत्र लिहायचं असतं, कुठल्यातरी परदेशी मित्राला. पण पोरांनी खाली स्वतःचं नाव लिहायचं नाही, तपासणाऱ्याला ओळख पटू नये म्हणून. सगळ्यांनी 'ली हुआ' अशीच सही करायची. म्हणजे जूनमधल्या त्या दुपारी देशातली सगळी पोरं ली हुआ होतात. तो ली हुआ मित्राला चहाच्या मळ्यात बोलावतो, कागदाची नक्षी कापायला शिकवतो, त्याचं अभिनंदन करतो, आभार मानतो. त्याला कधी ताप येत नाही, त्याचं कुणाशी भांडण होत नाही. पत्राचं कारण पहिल्याच ओळीत सांगायचं, मग तीन मुद्दे, मग 'तुझ्या उत्तराची वाट पाहतो'. कारण पहिल्या ओळीत नसलं की गुण कापतात. माझे केव्हाच कापले गेले, दिसतंयच तुला.

सकाळी मी भात शिजत टाकते आणि शब्दांचं पुस्तक घेऊन बसते. इंग्रजी बाजू हाताने झाकायची, आपल्या भाषेतला अर्थ वाचायचा, शियाओमानने शब्द म्हणायचा. बरोबर की चूक ते मला कुठलं कळायला! तिच्या आवाजावरून ओळखते. शब्द येत असला की पटकन म्हणते, येत नसला की आधी ओठ चावते. त्या पुस्तकातला अगदी पहिला शब्द कोणता असेल सांग? 'सोडून देणे'. दर वर्षी नवं पुस्तक आणायचं आणि दर वर्षी सोडून देण्यापासून सुरुवात करायची. पहिल्या वर्षी आम्ही दोघी यावर पोट धरून हसलो होतो. यंदा मी अर्थ वाचला, तिने शब्द म्हटला आणि आम्ही पुढच्या शब्दावर गेलो.

दुपारी डबा घेऊन शाळेच्या फाटकापाशी जाते. आम्ही सगळ्या आया रांगेने भिंतीला टेकून उभ्या असतो, आणि पोरं उकिडवी बसून चार घास कोंबून पळतात. जेवतानाही शियाओमानच्या मांडीवर उतारा असतो. देवमासे, पेंग्विन, लंडनची कुठलीशी जुनी बाग, गच्चीवर कांदे लावणारा अमेरिकेतला एक म्हातारा. खाली प्रश्न, 'लेखकाला काय सुचवायचं आहे?' आणि चार उत्तरं. मी एकदा म्हटलं, "अगं, त्या म्हाताऱ्यालाच विचारा की!" तर माझ्याकडे न बघता म्हणाली, "आई, तीन उत्तरं छोटी आणि एक लांब असलं, की लांबच निवडायचं. म्हाताऱ्याचं काय घेऊन बसलीस?" शेजारच्या खोलीतली हू बाई मात्र जाम हसली. तिचा मुलगा पहिल्यांदाच बसतोय, तिला अजून हसायला येतं. परीक्षेच्या दिवशी घालायला लाल रेशमी छिपाओ शिवून घेतलाय तिने, शुभ म्हणून. मला म्हणते, "गुइफांग, तूही शीव ना एक." मी म्हटलं, माझा आहे की. दोन वर्षं घातलाय. आता तो कंबरेला घट्ट होतो, आणि शुभ कितपत आहे ते तूच ठरव.

लाओ थान, मी दमलेय. वाफेने, जिन्याने, चपला हातात घेऊन चालण्याने. इथे कुणी मोठ्याने खोकतसुद्धा नाही. घरमालकिणीने दारावर लाल कागद चिकटवलाय, 'या खोलीतला मुलगा जिल्ह्यात पहिला आला होता'. त्या कागदाखालून शियाओमान रोज आत येते आणि मान खाली घालून बाहेर जाते. पण माझं दमणं राहू दे बाजूला, मला सवय आहे. पोरगी दमलीय. नवीन वर्षाच्या जेवणाला, सगळ्या भावकीसमोर, तू पेला उचलून म्हणालास, "यंदा इंग्रजीने पुन्हा दगा दिला तर चौथ्यांदा बसेल. आमच्या घरातलं एक तरी पोर मोठ्या विद्यापीठात जाणारच!" सगळ्यांनी वा वा केलं. तिने तेव्हाच जेवायच्या काड्या खाली ठेवल्या होत्या. तू बघितलं नाहीस, तू पेला भरत होतास. ते तू प्रेमानेच म्हणालास, हे मला कळतं. पुलावर उन्हात लोंबकळणाऱ्या माणसाला पोरीने सावलीत बसावं असं वाटणारच.

आता गेल्या आठवड्यातलं सांगते. सराव परीक्षा झाली आणि इंग्रजीच्या फांग बाईंनी मला शाळेत बोलावून घेतलं. गेले तर समोर शियाओमानचा पेपर. पत्राचा विषय होता, परदेशी मित्र चिनी भाषा शिकून कंटाळलाय, त्याला सल्ला द्या. सगळ्या पोरांनी पाठ केलेलं लिहिलं, हिंमत सोडू नकोस, गाणी ऐक, रोज वाच. हिने लिहिलं होतं, 'तू दमला असशील तर घरी जा. तुझी आई रागावणार नाही. तुझ्या वडिलांनाही समजेल, फक्त त्यांना कुणीतरी सांगायला हवं.' आणि खाली ली हुआ नाही, थान शियाओमान. फांग बाई मला वाचून दाखवत होत्या आणि मधेच चष्मा काढून पुसत होत्या. म्हणाल्या, "तीन वर्षांत पहिल्यांदा हिच्या पत्रात व्याकरणाची एकही चूक नाही. आणि मला शून्य द्यावं लागतंय. हिला समजवा हो. जूनमध्ये असं केलं तर वर्ष बुडालं."

परत येताना मी तिला म्हटलं, "विसरलीस होय गं? एवढं साधं नाव!" ती म्हणाली, "विसरले नाही, आई. मुद्दाम लिहिलं." मी रस्त्यात उभी राहिले. ती म्हणाली, "आजीला सुई टोचायची होती तेव्हा माझा हात जराही हलला नाही. पेपर उघडताना हलतो. मला जिल्ह्याच्या गावात नर्सिंगला जायचंय. गेल्या वर्षीच्या गुणांवरही मिळालं असतं." मी विचारलं, मग तेव्हा का बोलली नाहीस? तर म्हणाली, "बाबा तेव्हाही चार लोकांत बोलून बसले होते ना." मग आम्ही कोपऱ्यावर भाजलेलं रताळं घेतलं, अर्धं अर्धं खाल्लं आणि परत आलो. रडलो नाही. रडायलाही अंगात जोर लागतो.

तर कारण आता लिहिते, शेवटच्या ओळींत का होईना. चौथं वर्ष नाही. जूनमध्ये जेवढे गुण पडतील तेवढे, आणि तिला हवं ते कॉलेज. खोली सोडतोय असं मी घरमालकिणीला सांगून टाकलंय, म्हणजे हे तुला विचारत नाही, कळवतेय. विचारायचं आहे ते वेगळंच. मी तिला हे सांगितलं तर तिला वाटतं, आई नुसती समजूत घालतेय. भावकीसमोर पेला तू उचलला होतास, तेव्हा शब्दही तूच मागे घ्यायला हवास. परीक्षेच्या आधी एकदा तिला फोन कर. 'हं' म्हणू नकोस, 'बघू' म्हणू नकोस. दमली असशील तर घरी ये, एवढंच म्हण. आणि पेपर संपतात त्याच दिवसांत गहू कापणीला येतो, तेव्हा तूही ये. तुझ्या उत्तराची वाट पाहते. हे वाक्य पाठ केलेलं असलं तरी खरं आहे. खाली माझंच नाव लिहितेय, मग शून्य मिळालं तरी चालेल.

तुझीच,
गुइफांग