हाडातली ठिणगी

३ फेब्रु., सोम.
सात रस्त्याजवळच्या हॉस्पिटलात. गाठ कॅन्सरचीच. उजव्या मांडीच्या हाडात, गुडघ्याच्या जरा वर. औषधानं विरघळणारी नाही म्हणे, कापूनच काढायची. मी विचारलं, गुडघा? डॉक्टर म्हणाले, मार्जिन जरा जास्तच ठेवावं लागतं.
नवरोबा मिलिंद अक्कलकोट रोडच्या टॉवेल कारखान्यातून अर्धी पाळी टाकून आलेला. बाहेर पडल्यावर पेटलाच. "तोंडावर सांगतोय की गं, मार्जिन जास्त ठेवतो म्हणून! आमचा शेठबी नफ्याचं एवढं उघड बोलत न्हाय." मी कॅन्सर विसरून हसले. रिक्षावाला वळून बघायला लागला.

५ फेब्रु., बुध.
परत गेलो. मार्जिन म्हणजे गाठीभोवतीचं चांगलं हाड. गाठ नेमकी कुठं संपते ते डोळ्याला दिसत नाही, म्हणून चांगलंही थोडं कापायचं. माझं ते चांगलं म्हणजे गुडघा. मिलिंदचं तोंड एवढंसं झालं.
गुडघ्याच्या जागी धातूचा सांधा बसवतील. चालता येईल. पण मोडनिंबच्या एसटीत उभ्यानं तिकिटं काढणं विसरा. माझ्यासारख्या कंडक्टरला डेपोत टेबलाशी बसवतील. मी, आणि टेबलाशी!
दुसरी वाट आहे. पुण्याहून लेसरचं यंत्र येतंय, अजून चाचणीतलं. हाडावर बारीक ठिणगी पाडतं, तिच्या उजेडावरून सांगतं इथं गाठ आहे का नाही. एरवी हाड तपासायचं तर आधी ते औषधात बुडवून मऊ करा, त्यात दिवस जातात. हे तिथल्या तिथं. पण खात्री कुणी देत नाही. नंतरच्या रिपोर्टात कापलेल्या काठाला गाठ निघाली तर परत ऑपरेशन. मग गुडघाच काय, पायसुद्धा...

९ फेब्रु., रवि.
भांडण. तो म्हणतो गुडघा जाऊ दे, तू राहा. मी म्हटलं मला उभं राहायचंय. रडला. मग मीही. ठिणगीला होकार दिला. सही त्यानंही केली, पेन आपटून.

१३ फेब्रु., गुरु.
काल ऑपरेशन.
कमरेत इंजेक्शन. खालचं सगळं बधिर, वरची मी जागी. मध्ये हिरवं कापड. सगळ्यांनी काळपट चष्मे चढवले, मलाही एक. मग टक. टक. यंत्राबरोबर आलेल्या मॅडम स्क्रीन बघून सांगत होत्या.
"आहे." टक. "आहे." डॉक्टर गुडघ्याकडं सरकतायत हे मला कळत होतं. "आहे." मी डोळे मिटले.
टक. "नाही."
"नक्की?"
"परत मारते, सर." टक. "नाही."
दिवसभर मी लोकांना तेच ऐकवते, जागा नाही, सुट्टे नाहीत, इथं थांबा नाही. हा शब्द इतका गोड असतो हे मला ठाऊक नव्हतं.
डोळे उघडले तर वरच्या दिव्याच्या चकचकीत कडेत एक ठिणगी दिसली. मोहरीएवढी, निळसर. माझ्याच हाडाचा उजेड! बाई गं. अजून काटा येतो अंगावर.
गुडघा ठेवला.

१४ फेब्रु., शुक्र.
मिलिंदनं सगळं परत परत सांगायला लावलं. पांघरूण सारून गुडघ्याकडं बघत बसला, हात लावायला भीत.
"उजेडानं सांगितलं व्हय..." एवढंच.

६ मार्च, गुरु.
दुपारी हॉस्पिटलातून फोन. हाडाचा रिपोर्ट आलाय, उद्या या, दोघंही या. दोघं कशाला, मी विचारलं. बाई म्हणाल्या, सगळ्यांना तसंच सांगतो.
भीती वाटते. लई. ठिणगी चुकली असली तर? तरी त्या उजेडावर राग धरवत नाही मला.
मिलिंद दारात मोटरसायकल पुसतोय. सकाळीच पुसलेली. मी पलंगावरून पाय खाली सोडला. वाकवला. सरळ केला. दुखतं, पण वाकतो. मान वर केली तर तो फडकं हातात धरून बघत उभा. त्याला नीट दिसावं म्हणून परत वाकवला.