बर्गंडीतलं हिरवं दार

रविवार, संध्याकाळ. बुसैतीन, बहारीन.

दुपारी ऑफिसात बर्वेकाकांचा फ्रान्सहून फोन. "यासीन, दाराला कुलूप आहे रे!"

बर्गंडीची त्यांची सहल मीच आखली. कालव्यातून बोट, मधे मोटारीने द्राक्षांची गावं. काकू नाशिकच्या द्राक्षबागेत वाढलेल्या. त्यांना वाइन नको होती, फक्त तिथलं वाइन मुरवायचं जुनं दगडी तळघर पाहायचं होतं. डॉक्टरांनी त्यांना यापुढे प्रवास बंद सांगितलाय.

नावांची स्पेलिंगं पुन्हा पुन्हा तपासली मी. आणि तळघर ठेवलं रविवारी! इथे बहारीनमध्ये रविवार कामाचा. तिथे सुट्टी असेल हे डोक्यातच आलं नाही. उद्या सकाळी बोट पुढे जाणार.

काकूंनी फोन घेतला. "मालक झोपला असेल मेला. तू जेवलास का?"

"हो काकू. मालकाचीच चूक." का म्हणालो मी असं?

आता काकांनी फोटो पाठवलाय, दुपारी फोन करण्याआधी काढलेला. हिरव्या दारावर हात टेकून काकू हसतायत. मोठा करून पाहिला. हाताशेजारीच पाटी आहे, फ्रेंचखाली इंग्रजीतही: रविवारी बंद.

म्हणजे फोन घेतला तेव्हा काकूंनी ती वाचलेली होती.