तुमची वाटी माझ्यापाशी आहे

पुणे

गुंजनच्या आजोबांना चंद्रभागेचा रामराम.

नात बाळासकट खुशाल आहे, हे तीच लिहून राहिली. पितळी वाटी शोधू नका, मी संग आणली. बाळंतिणीच्या लाडवांचं माप मले दुसऱ्या कशात येते?

गुंजन वाटी काट्यावर ठेवते. तांदूळ दीडशे ग्रॅम, कणीक नव्वद, मुरमुरे जेमतेम पंधरा. अन् वाटी तीच!

काल दुपारी डोळा लागला, तर मी आपल्या सानगडीच्या घरच्या ओसरीवर तुमच्यासाठी तांदूळ मापून राहिली होती. वाटी भरतच नव्हती.

तुमच्या दिवसाला दोन वाट्या. दहा दिवसांत तीन किलो संपले पाहिजेत, गुंजन म्हणते. निघताना डब्यात पाच भरले होते. उरले ते दुकानात तोलून कळवा. जास्त उरले असले, तर वाटी अन् मी, दोघी बी परत येतो.

अंगठा तुमच्या चंद्रभागेचा